उजेड किती, उजेड कसा?

(ऊर्जाबचत व गृहप्रकाश या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)

घरातील दिवा चर्चेचा विषय होतो, तो बहुधा बिघडल्यावर. तो जळत असतो तोवर त्याच्याकडे कुणी पाहत नाही. त्याच्या उजेडात इतर सारे पाहिले जाते. त्यामुळेच गेल्या दहा-बारा वर्षांत देशातील कोट्यवधी घरांत घडलेला एक मोठा बदल फारशा कोलाहलाविना घडून गेला. काचेच्या फुग्यातील तारेचा पिवळा दिवा गेला, चोक आणि स्टार्टरची नळी मागे पडली, पाऱ्याची वाफ असलेला सीएफएल आला तसा गेला, आणि सर्वत्र एलईडी दिवा दिसू लागला. या परिवर्तनाने देशाचे काय वाचले, याचा हिशेब अभिमानाने मांडावा असाच आहे. मात्र त्या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला आहे. वीज किती वाचली हे विचारले गेले. उजेड कसा मिळाला हे विचारले गेले नाही. या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र व्हावा, हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

शेगडीपासून स्फटिकापर्यंत

एडिसनने १८७९ साली ज्या तत्त्वावर आपला दिवा यशस्वी केला, ते तत्त्व साधे होते. तारेतून वीज सोडायची, तार प्रचंड तापवायची आणि तापलेली तार उजळू द्यायची. पुढे टंगस्टनची तार आली, दिवा टिकाऊ झाला. पण मूळ दोष तसाच राहिला. अशा दिव्यात खर्च होणाऱ्या विजेपैकी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर होते ते जेमतेम ५ टक्क्यांचे. उरलेल्या विजेची उष्णता होते. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ माणसाने दिवा म्हणून जी वस्तू छताला टांगली, ती वास्तविक एक लहानशी शेगडीच होती. उन्हाळ्याने घामाघूम होणाऱ्या देशात संध्याकाळी घरोघरी या शेगड्या पेटत, आणि त्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून पंखे फिरत.

एलईडीचे तत्त्व मुळातच वेगळे आहे. येथे काहीही तापवून उजळवायचे नसते. अर्धवाहक स्फटिकाचे दोन भिन्न गुणधर्मांचे थर जेथे मिळतात, तेथे विद्युत्प्रवाहाने आणलेले इलेक्ट्रॉन आपली जास्तीची ऊर्जा सोडतात आणि ती ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर पडते. दृश्य लाल प्रकाश देणारा असा दिवा निक होलोनियाक यांनी १९६२ साली अमेरिकेत तयार केला. लाल ठिपके मग रेडिओवर, कॅल्क्युलेटरवर, घड्याळांत चमकू लागले. पण लाल ठिपक्याने घर उजळत नाही. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा रंग हवा होता, आणि तो देणारा गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक काही केल्या तयार होत नव्हता. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी हा नाद सोडून दिला.

जपानमधील तिघांनी तो सोडला नाही. नागोयात इसामु आकासाकी व त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो, आणि तोकुशिमा प्रांतातील एका तुलनेने लहान रसायन कंपनीत शुजी नाकामुरा, यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने काम करून हा प्रश्न सोडविला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रखर निळा एलईडी साकारला. त्या निळ्या स्फटिकावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला, की निळा व पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा भासतो. आज घरोघरी लागणारा पांढरा एलईडी याच युक्तीवर चालतो. तिघांनाही २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या राजधान्यांपासून दूर राहून, साधनांची चणचण सोसून, एकाच प्रश्नाचा ध्यास घेणाऱ्यांची ही कथा आपल्याकडच्या तरुण अभियंत्यांनी आवर्जून वाचावी अशी आहे.

बचतीचा हिशेब

नोबेल जाहीर झाल्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१५ मध्ये, भारतात घरगुती दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पुढे ती ‘उजाला’ या नावाने ओळखली गेली. या योजनेचे खरे मर्म वाटपात नव्हते, खरेदीत होते. एकेका ग्राहकाने एकेक दिवा घेतला तर उत्पादक चढा भाव मागतो. कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र करून निविदा काढली तर भाव कोसळतो. ईईएसएल या सरकारी कंपनीने नेमके हेच केले. २०१४ साली एका दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपये होती, ती २०१६ साली ३८ रुपयांवर आली. दिव्याच्या किमतीवर केंद्राने अनुदान द्यावे लागले नाही. संघटित मागणीचे बळ काय असते, याचा असा वस्तुपाठ क्वचितच मिळतो.

या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. सरकारी अंदाजानुसार त्यामुळे वर्षाला सुमारे ४८ अब्ज युनिट वीज वाचते आणि संध्याकाळच्या कमाल मागणीतून साडेनऊ हजार मेगावॅटहून अधिक भार कमी होतो. हे आकडे दिवा रोज किती तास जळतो याच्या गृहीतकावर बेतलेले आहेत, हे लक्षात ठेवूनही त्यांचे मोल कमी होत नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. म्हणजे तिपटीहून मोठे वीज केंद्र, एक ढेकूळ कोळसा न जाळता आणि एक एकर जमीन न घेता, घराघरांतील होल्डरमध्ये उभे राहिले. ज्यांनी महाराष्ट्रातील भारनियमनाची वर्षे पाहिली, कंदील पुसून ठेवून मुलांना परीक्षेला बसविले, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एका घरापुरते पाहायचे तर ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट लागत. तेवढाच, किंबहुना थोडा अधिक उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी सुमारे १६ युनिटमध्ये भागवतो. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर एका दिव्यामागे वर्षाला साडेसातशे रुपयांच्या आसपास बचत होते. जुनी ३६ वॅटची नळी तिच्या तांब्याच्या चोकसह प्रत्यक्षात ५० वॅटच्या घरात वीज खात असे. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लागते. शिवाय वीज केंद्रापासून घरापर्यंत येताना काही वीज वाटेतच गळते. त्यामुळे घरात वाचलेला एक युनिट म्हणजे केंद्रावर एकाहून अधिक युनिटांची बचत.

वॅट नव्हे, ल्युमेन

येथपर्यंतचा हिशेब सुखाचा आहे. यापुढचा थोडा अवघड आहे.

पिढ्यान् पिढ्या आपण दिवा वॅटवर विकत घेतला. ‘चाळीसचा द्या’, ‘शंभरचा द्या’ ही दुकानातली भाषा होती. परंतु वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेडाचे माप ल्युमेन. तारेच्या दिव्यांत वॅट आणि उजेड यांचे नाते ठरलेले असल्याने ही गफलत खपून गेली. एलईडीत ती खपत नाही. एकाच ९ वॅटच्या दोन दिव्यांपैकी एक ९०० ल्युमेन देतो आणि दुसरा जेमतेम ६०० देतो, असे होऊ शकते. खोक्यावर वॅटचा आकडा मोठा आणि ल्युमेनचा बारीक छापलेला असतो. पुष्कळदा तो नसतोच. असा दिवा घेणाऱ्याचे बिल कमी येते हे खरे. पण त्याने उजेडही कमी घेतलेला असतो, आणि उजेड कमी करून बिल कमी करायला नव्या तंत्राची आवश्यकता नव्हती.

याचा फटका सर्वप्रथम बसतो तो घरातील ज्येष्ठांना. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. सुनेला जो उजेड लख्ख वाटतो, त्याच उजेडात आजींना पोथीची अक्षरे लागत नाहीत आणि औषधाच्या पाकिटावरील तारीख वाचता येत नाही. चष्म्याचा नंबर वाढला, असे निदान घरच्या घरी होते. दिव्याचा नंबर कुणी तपासत नाही.

रंग, लाली आणि थरथर

उजेड पुरेसा असला, तरी तो चांगला असतोच असे नाही. त्याच्या गुणवत्तेच्या तीन कसोट्या सामान्य गृहस्थालाही समजण्याजोग्या आहेत.

पहिली कसोटी छटेची. ती केल्व्हिन या मापात सांगतात. समईच्या ज्योतीची छटा १९०० केल्व्हिनच्या आसपास, जुन्या तारेच्या दिव्याची २७००, आणि ज्याला दुकानदार ‘व्हाइट’ म्हणून देतो त्या निळसर पांढऱ्याची ६५०० केल्व्हिन. आकडा जितका मोठा, तितका निळ्याचा अंश अधिक. आपल्याकडे पांढरा म्हणजे चांगला आणि पिवळा म्हणजे मागासलेला, असा एक समज रुजला आहे. स्वयंपाकघरात, कामाच्या टेबलावर पांढरा उजेड सोयीचा असतो, यात वाद नाही. पण डोळ्याचे काम केवळ पाहण्याचे नाही. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, ज्या शरीराला दिवस आहे की रात्र, हे कळवितात. त्यांचे हे कार्य २००२ च्या सुमारास प्रकाशात आले. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री उशिरापर्यंत प्रखर निळसर उजेडात बसणाऱ्याचे शरीर अजून दिवस चालू आहे असे समजते आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव लांबतो. घरगुती एलईडीने डोळे जातात, ही भीती निराधार आहे. पण निजायच्या खोलीत ६५०० केल्व्हिनची पट्टी लावून मुलांना झोप का येत नाही म्हणून चिंता करणे, हेही शहाणपणाचे नाही. निजण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्व्हिनचा मंद दिवा हे साधे उत्तर आहे.

दुसरी कसोटी रंगांच्या खरेपणाची. सूर्यप्रकाशात सर्व रंग सलग असतात. तारेच्या दिव्यातही ते सलग असत. एलईडीचा पांढरा मात्र निळा अधिक पिवळा अशा बेरजेतून आलेला. या बेरजेत गडद लाल रंग तोकडा पडतो. रंगांचा खरेपणा मोजणारा सीआरआय नावाचा अंक असतो. १०० म्हणजे उत्तम. बाजारातील बरा दिवा ८० चा असतो. त्यातही एक खोच आहे. हा अंक आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लालीचा वेगळा अंक, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत येत नाही. त्यामुळे सीआरआय ८० असूनही लालीच्या बाबतीत दिवा जवळपास नापास असू शकतो.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. दुकानात पसंत केलेली पैठणी घरी आल्यावर वेगळी दिसते, डाळिंबाचे दाणे निस्तेज वाटतात, हापूसचा तयार रंग ओळखता येत नाही, इथवर ठीक. पण बाळंतिणीच्या खोलीत नवजात बाळाची कांती पिवळसर आहे का, दम लागलेल्या रुग्णाचे ओठ निळे पडले आहेत का, जखमेभोवती लाली वाढते आहे का, हे परिचारिकेला डोळ्यांनीच पाहावे लागते. ग्रामीण दवाखान्यात सर्वांत स्वस्त निविदेतला दिवा लागतो तेव्हा या निरीक्षणाची किंमत कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते. जेथे माणसाची त्वचा, अन्न किंवा कापड पारखायचे असते, तेथे ९० हून अधिक सीआरआयचा दिवा घ्यावा. तो थोडा महाग पडतो आणि वीजही किंचित अधिक घेतो. पण तेथे तो खर्च उधळपट्टी ठरत नाही.

तिसरी कसोटी स्थिरतेची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते; त्यामुळे दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होऊ पाहतो. तारेच्या दिव्यात तापलेली तार तेवढ्या अवधीत निवत नसे, म्हणून चढउतार सौम्य राही. एलईडी तत्काळ विझतो व तत्काळ पेटतो. चांगल्या दिव्यातील ड्रायव्हर, म्हणजे वीज नियंत्रित करणारे मंडल, हा चढउतार गुळगुळीत करते. हलक्या दिव्यात ते चार-दोन रुपयांच्या बचतीसाठी वगळलेले असते. ही थरथर डोळ्यांना थेट दिसत नाही. पण काहींना डोकेदुखी होते, वाचताना डोळे शिणतात. लेथसारखे फिरते यंत्र अशा उजेडात थांबल्यासारखे भासू शकते आणि कामगाराचा हात त्यात जाण्याचा धोका असतो. परीक्षा सोपी आहे. दिव्याखाली पेन्सिल झपझप हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा स्थिर. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या अनेक प्रतिमा दिसल्या तर तो थरथरतो आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास असा दिवा पडद्यावर पट्टे उमटवितो.

आयुष्याचा प्रश्न

‘पंचवीस हजार तास’ हे खोक्यावरील आश्वासन खरे मानले, तर रोज ५ तास जळणारा दिवा तेरा वर्षांहून अधिक चालायला हवा. अनेक घरांत तो दोन-तीन वर्षांत जातो. स्फटिक क्वचितच मरतो. मरतो तो ड्रायव्हर, आणि त्याला मारते उष्णता. एलईडी शेगडी नसला तरी थोडी उष्णता त्यातही निर्माण होते, आणि ती मागच्या बाजूने बाहेर जावी लागते. चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात, छतात दडविलेल्या खोबणीत दिवा कोंडला, की आतील कपॅसिटर सुकतो आणि दिवा मिणमिणू लागतो. चार वेळा बदललेला स्वस्त दिवा एकदाच घेतलेल्या चांगल्या दिव्यापेक्षा महाग पडतो, आणि मागे चार दिव्यांचा कचरा ठेवून जातो. मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन, छापलेले ल्युमेन आणि दुकानदाराची पावती, एवढे चार पुरावे मागण्याची सवय ग्राहकाने लावून घेतली पाहिजे.

येथेच स्वावलंबनाचाही मुद्दा येतो. दिव्यांची जुळणी भारतात मोठ्या प्रमाणावर होते, ही समाधानाची बाब आहे. पण दिव्याचा प्राण असलेली चिप बहुतांशी बाहेरून येते. एलईडी दिवे व वातानुकूलन यंत्रांच्या सुट्या भागांचे उत्पादन देशात व्हावे, म्हणून केंद्राने २०२१ साली ६,२३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचे यश कारखान्यांइतकेच ग्राहकांवरही अवलंबून आहे. सर्वांत स्वस्त तेच उचलणाऱ्या बाजारात गुणवत्तेचा देशी उत्पादक टिकत नाही.

अंधाराचाही मान

शेवटचा मुद्दा संयमाचा. इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवून दिले होते, की वाफेचे यंत्र काटकसरी झाले तसा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला. उजेड स्वस्त झाला की माणूस तो अधिक वापरतो. जेथे एक दिवा होता, तेथे छतात बारा दिवे बसतात. इमारतींच्या भिंती रात्रभर उजळतात. उत्सवातील रोषणाई विसर्जनानंतरही उतरत नाही. रस्त्यांवरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हा रंग ओळखू येऊ लागले आणि प्रकाश नेमका रस्त्यावर टाकता येऊ लागला, हा लाभच झाला. पण पुष्कळ ठिकाणी हे दिवे नको तितके प्रखर व निळसर आहेत. ते वाटसरूच्या डोळ्यांत आणि लोकांच्या खिडक्यांत शिरतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यावर ३००० केल्व्हिन वा त्याहून कमी छटेचे, झाकलेले दिवे लावावेत अशी शिफारस केली होती.

उजेडाचा अतिरेक मुक्या जिवांनाही भोवतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. या कासवांची पिल्ले वाळूतून वर येतात ती उजळ क्षितिजाकडे निघतात. निसर्गात ते क्षितिज समुद्राचे असते. मागे दिव्यांची रांग उभी राहिली, तर पिल्लू पाण्याऐवजी वस्तीकडे वळते आणि मरते. उलट, नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या गावांतील दिवे फक्त खाली प्रकाश टाकतील असे बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत; उजेड जमिनीवर राहिला आणि आकाश ताऱ्यांना परत मिळाले.

सज्जनहो, या विषयात करण्याजोगे काम मोठ्या निधीचे नाही. आपल्या भागातील अभ्यासिका, वसतिगृह, दवाखाना, देवस्थान आणि सार्वजनिक मंडळ, एवढ्या पाच ठिकाणचे दिवे एका रविवारी पाहून यावेत. अभ्यासिकेत पुस्तकावर पुरेसा उजेड पडतो का, तो थरथरतो का, वसतिगृहाच्या निजण्याच्या खोल्यांत कोणत्या छटेचा दिवा आहे, दवाखान्यात तपासणीच्या टेबलावरील दिव्याचा सीआरआय काय, देवळाच्या शिखरावरील झोत आकाशात जातो की शिखरावर राहतो, मंडळाची रोषणाई किती वाजता बंद होते, याची नोंद करावी आणि ती संबंधितांपुढे नम्रपणे ठेवावी. नगरपालिका निविदा काढते तेव्हा वॅट आणि किंमत यांच्यासोबत ल्युमेन, छटा, सीआरआय व स्थिरता यांचीही अट घालावी, असा आग्रह नगरसेवकांकडे धरावा. कोट्यवधी ग्राहकांच्या एकत्रित मागणीने एकदा किंमत उतरविली आहे. तीच एकजूट गुणवत्तेच्या मागे उभी राहिली, तर गुणवत्ताही तितक्याच वेगाने चढेल. विजेची बचत देशाने करून दाखविली. आता त्या वाचलेल्या विजेत आजींना अक्षर दिसावे, बाळाची कांती खरी दिसावी आणि मुलांना वेळेवर झोप यावी, एवढे पाहणे प्रत्येक घराच्या हाती आहे.